थांब म्हणजे दोन ठोके

१

तायाजींना ऐकू येत नव्हतं आणि मला चारचौघांत बोलता येत नव्हतं, त्यामुळे आमचं दोघांचं चांगलं जमायचं.

तायाजी म्हणजे बिक्कर सिंग, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कालव्याच्या रस्त्यावर त्यांची ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड. आठवीत माझी शाळा सुटली ती उत्तर येत असूनही तोंड उघडायचं नाही म्हणून. तेव्हापासून मी त्यांच्याकडेच. मळणीयंत्रं आणि इंजिनं ऐकून ऐकून त्यांचे कान गेले होते. माझं नाव जगसीर, घरचे सीरा म्हणायचे; ते मात्र लाडानं ‘मुक्या’ म्हणायचे. मी त्यांना काही सांगायचं असलं की समोर जाऊन ओठ हलवायचो.

पण इंजिनाच्या कामात समोर जाता येत नाही. एकजण पुढं बसून पुलीच्या नटाला लांब पाना लावतो आणि आतला दांडा, क्रँक, फिरवतो. दुसरा बगलेचं झाकण काढून आत हात घालतो आणि बेअरिंग चाचपतो. मध्ये अख्खं इंजिन. म्हणून आम्ही पान्यानं ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडावर, ठोके मारायचो. एक ठोका म्हणजे फिरव. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे इकडे ये. तायाजी मोकळा हात ब्लॉकवर सपाट ठेवायचे आणि माझे ठोके तळव्यातून घ्यायचे.

ठोक्यांची ही पद्धत त्यांनी उगीच काढली नव्हती. पूर्वी एका गड्यानं न सांगता क्रँक फिरवली आणि तायाजींच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर, नखासकट, आतच राहिलं. तेव्हापासून पाना त्यांच्या मुठीत जरासा निसटायचा आणि प्रत्येक खेपेचा शेवटचा ठोका हलका पडायचा. ठक, टुक. डोळे मिटूनही मी तो हात ओळखला असता.

“दोन ठोके ऐकलेस की जिथं आहेस तिथं दगड व्हायचं,” ते मला सांगत. “समोर देव उभा राहिला तरी हलायचं नाही.”

मी कधी हललो नाही.

२

माझी बहीण वीरां, तिचा नवरा नछत्तर मंडईतून एक म्हातारा ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा भाताच्या काडाला सगळीकडे आग लावलेली होती. भर दुपारी सूर्याकडे सरळ बघता येईल इतका धूर. गहू पेरायचे दिवस जवळ आले होते.

“मेहुण्या, बघ कसा घोडा आणलाय!” नछत्तर टायरला लाथ मारत म्हणाला.

तायाजींनी बॉनेट उघडलं आणि ब्लॉकवरून अंगठा फिरवला. “घोडा नाही, घोड्याचं मढं आहे. ब्लॉक फुटलाय. कुणी साबण भरून रंग दिलाय वरून.”

“मग तायाजी?”

“मग काय! तू बैल हो, वीरां नांगर धरेल.”

नछत्तर हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. नवा ब्लॉक त्याच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून आम्ही मोगा शहराच्या भंगारबाजारात गेलो. तिथं जुने ब्लॉक विटांसारखे रचून ठेवलेले असतात. तायाजी प्रत्येकावर पान्यानं एक ठोका मारायचे आणि तळवा टेकवायचे. तडा असला की धातू फुटक्या मडक्यासारखा बोलतो, चांगला असला की घंटेसारखा. त्यांना आवाज येत नसे, पण थरथर हातात भरायची.

बऱ्याच ब्लॉकना ठोकून झाल्यावर ते एका काळ्या, कोपऱ्यात आडव्या पडलेल्या ब्लॉकपाशी थांबले. ठोका मारला. हात ठेवला. मग बराच वेळ उचललाच नाही.

“हा,” ते म्हणाले. “हा बोलतो.”

मीही तो ठोका ऐकला होता. घंटेसारखाच वाजला. फक्त त्याचा नाद विरला नाही. मध्येच कुणी झांजेवर हात ठेवावा तसा तो बंद झाला.

बाजारात इतका गोंगाट होता की मी ते मनावर घेतलं नाही.

३

जुनी क्रँक घासून आणली. पिस्टन तेच ठेवले, रिंगा नव्या घेतल्या. पिस्टनभोवतीच्या स्लीव्ह दुसऱ्या एका मोडक्या इंजिनाच्या काढून पॉलिश केल्या. अशी इंजिनं आम्ही आयुष्यभर उभी केली होती.

त्या दिवशी मी पुढं पुलीपाशी बसलो होतो. बेअरिंग घट्ट बसतंय का बघायचं होतं. एक ठोका आला. मी क्रँक थोडी फिरवली. पुन्हा एक. पुन्हा फिरवली. मग दोन. मी थांबलो.

थांबूनच राहिलो. पुढचा ठोका येईना. मांडीला मुंग्या आल्या. शेवटी मी डोकं बाहेर काढून पाहिलं.

तायाजी अंगणापलीकडे हापशाखाली तोंड धूत होते. त्यांच्या दाढीला साबणाचा फेस होता. म्हणजे हात धुऊन केव्हाच झाले होते. तिथं ते आत्ता गेलेले नव्हते.

मी स्वतःची समजूत घातली. धातू तापतो, निवतो, तडतडतो. ट्रॉलीची साखळी वाऱ्यानं हलली असेल. पण धुरामुळे वारा पडलेला होता. आणि एक गोष्ट माझ्या नंतर लक्षात आली, जेवताना, घास हातात असताना. ते दोन ठोके अगदी सारखे होते. दुसरा हलका नव्हता.

४

“आज हात बसलाय हं तुझा,” दुसऱ्या दिवशी तायाजी म्हणाले. “मागच्या बेअरिंगवर तू दोन ठोके दिलेस म्हणून मी थांबलो, बघतो तर खरंच किंचित कचरा होता. माझ्या बोटाला कळला नाही, तुला पुढं बसून कळला? मुक्या, तू उस्ताद झालास!”

मी मागच्या बेअरिंगवर काहीच दिलं नव्हतं. तेव्हा मी दोन्ही हातांनी पाना दाबून धरला होता.

मी त्यांच्यासमोर जाऊन ओठ हलवले. “मी नाही दिले.”

“मग काय तुझ्या आजीनं दिले?” ते खोखो हसले. “चल, चहा टाक. गूळ जास्त घाल.”

मी चहा घेऊन परत आलो तेव्हा ते इंजिनापाशी उकिडवे बसले होते. चालू इंजिनाचा आवाज घ्यायला आम्ही एक लांब सळई वापरतो. तिचं टोक ब्लॉकला लावायचं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला. तायाजी मूठ दातांत धरायचे, त्यांना तसंच थोडंफार कळे. आत्ताही मूठ त्यांच्या दातांत होती, डोळे मिटलेले होते.

इंजिन बंद होतं. त्याला अजून वरचं हेडसुद्धा बसवलेलं नव्हतं.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी सळई काढली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू कुणी त्यांना भर पंगतीतून उठवलं होतं.

“आत चिमण्या आहेत,” ते म्हणाले. एरवी ते मोठ्यानं बोलत, आपला आवाज आपल्याला कळत नसल्यासारखे. हे हळू होतं. “चिमण्या आहेत, हापसा आहे. कुणीतरी पीठ चाळतंय अंगणात. बांगड्या वाजतात. किती वर्षं झाली रे मला ऐकून.”

“तायाजी, इंजिन बंद आहे.”

“कळतं मला. वेडा नाही झालो.” त्यांनी चहा घेतला, पण प्यायले नाहीत. “मला तीन ठोके देतात. ये म्हणतात. मी दात लावले की ऐकू येतं.”

ते रोटी खायला घरात गेल्यावर मी सळई उचलली. मूठ त्यांच्या थुंकीनं ओली होती. मी ती शर्टाला पुसली आणि दातांत धरली.

चिमण्या नव्हत्या. हापसा नव्हता. आधी काहीच नव्हतं, आणि तेवढ्यावर मी सळई ठेवली असती तर बरं झालं असतं. पण मी नीट लक्ष दिलं. तेव्हा मला कळलं, की ही बंद इंजिनाची शांतता नव्हती. लपाछपीत दाराआड उभा असलेला माणूस आपलं ऐकू येऊ नये म्हणून श्वास धरून ठेवतो, तशी ती होती. पलीकडून कुणीतरी तितक्याच लक्षपूर्वक माझं ऐकत होतं.

५

मी नछत्तरला गाठलं. त्याच्या पाठीमागे पाठीमागे चालत, दोनदा घसा खाकरून, शेवटी म्हणालो, “जीजाजी, हा ब्लॉक परत करू. चांगला नाही.”

“तडा आहे?”

“नाही.”

“तेल गळतं?”

“नाही.”

“मग काय, त्याचं नाक वाकडं आहे?” तो हसला, मग माझं तोंड बघून थांबला. “सीरा, गेल्या साली भाड्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत सगळं गाव पेरून मोकळं झालं होतं. माझा गहू घोट्याएवढा राहिला. तुझ्या बहिणीनं ते दिवस कसे काढले, माहिती आहे ना तुला? खरं काय ते सांग. काय बिघडलंय त्यात?”

तायाजी आतलं ऐकतात आणि दिवसेंदिवस कमी जेवतात, एवढंच माझ्यापाशी होतं. रोज ते माझ्या डोळ्यांदेखत थोडे थोडे कमी होत होते, एवढंच.

“हेडचं गॅस्केट आणायचंय,” मी म्हणालो.

गॅस्केट घेऊन मी परत आलो तेव्हा भर दुपार होती, पण धुरानं संध्याकाळसारखं पिवळं पडलं होतं. शेडमध्ये माणूस दिसेना. फक्त ठोके. तीन. थांबून पुन्हा तीन. सारखे, घाई नसलेले, उंबऱ्यावर बसून कुणी नखानं वाजवावे तसे.

मी ट्रॅक्टरला वळसा घातला. बगलेचं झाकण काढलेलं होतं. तायाजी जमिनीवर गुडघे टेकून, ब्लॉकला गाल लावून बसले होते आणि त्यांचा उजवा हात त्या भोकातून आत गेला होता, खांद्यापर्यंत. तिथं इतकी जागा नसते. कोपर आत गेलं की क्रँक आडवी येते.

त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. डोळे उघडे होते. ते हसत होते. उन्हात आजारी माणूस शेकत बसतो तसे.

मी त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि मागे ओढलं. क्षणभर वाटलं की कुणीतरी पलीकडूनही ओढतंय. मग ते एकदम सैल सुटले आणि आम्ही दोघं धुळीत पडलो.

“तायाजी,” मी त्यांच्या पाठीशी पुटपुटलो. मला मोठ्यानं बोलायचं सुचलंच नाही. “तायाजी, काय केलंत हे?”

“कशाला ओढतोस, जगसीर?” ते म्हणाले.

त्यांनी मला मुक्या म्हटलं नव्हतं. आणि माझे ओठ त्यांना दिसत नव्हते.

ते उठले, कपडे झटकले, आणि उजवा हात खिशात घातला. मला तो ओझरता दिसला. तेलाच्या चेंबरमध्ये खांद्यापर्यंत घातलेला हात कोरडा होता. बाही पांढरीशुभ्र होती.

६

घरात सणासारखा दिवस झाला. वीरां माहेरी धावत आली. तिनं तायाजींच्या पाठीमागे उभं राहून हळूच हाक मारली, त्यांनी वळून ओ दिली, आणि ती रडत रडत हसायला लागली. माझ्या आईनं, बेबेनं, गुरुद्वाऱ्यात शिऱ्याचा कडाह प्रसाद केला. शेजारचे एकेक करून येत होते आणि कुजबुजून परीक्षा घेत होते.

“तायाजी, माझ्याबद्दल काय बोलायची हो ही?” नछत्तर वीरांकडे बोट दाखवून विचारत होता. “आता लपवू नका, सगळं ऐकू येतं तुम्हाला.”

“चांगलंच बोलायची,” तायाजी म्हणाले.

सगळे हसले. पण खऱ्या तायाजींनी असं मिळमिळीत उत्तर दिलं नसतं. त्यांनी नछत्तरला धू धू धुतलं असतं.

मी बेबेला चुलीपाशी गाठलं. “बेबे, ते तायाजी नाहीत.”

तिनं माझ्या कपाळाला हात लावला. “धुरानं डोकं धरलंय तुझं. असं अभद्र बोलू नये बाळा. देवानं त्यांना कान दिले.”

मला खरंच वाटायला लागलं, की माझंच काहीतरी चुकतंय. म्हातारपणी कुणाचे कान उघडतही असतील. आनंदानं माणूस बदलतही असेल. मी ओसरीच्या खांबाला टेकून त्यांच्याकडे बघत राहिलो. ते खाटेवर बसून सगळ्यांचं ऐकत होते. सगळ्यांचं. एकाच वेळी. कुणी लांब गोठ्यात म्हशीला काही म्हणालं तरी त्यांची मान तेवढीशी त्या बाजूला कलायची. छाती मात्र श्वासानं हलताना दिसत नव्हती.

७

इंजिन त्यांनीच पुरं केलं. मला पुढं बसवून घेतलं नाही. ठोक्यांची आता गरज काय, म्हणाले.

चालू करायच्या दिवशी नछत्तर सकाळीच आला आणि सीटवर चढून बसला. तायाजी शेडच्या तोंडाशी खाट टाकून बसले होते. मी सवयीनं ब्लॉकवर तळवा ठेवला. चालू होताना पहिला थरकाप हातावर घ्यायची शिकवण त्यांचीच.

“मारू का सेल्फ?” नछत्तर ओरडला.

“मार,” खाटेवरून आवाज आला.

आणि माझ्या तळव्याखाली ठक, टुक. खूप खोलातून. दुसरा हलका.

मी गोठलो. पुन्हा आलं. ठक, टुक. थांब. ठक, टुक. मग घाईघाईनं, एकात एक मिसळून, थांब, थांब, थांब. लोखंडाच्या आतून माझे तायाजी मला सांगत होते, की क्रँक फिरवू नको, माझा हात आत आहे.

“थांबा!” मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं मी जन्मात ओरडलो नव्हतो. बॅटरीची वायर मी पान्यानंच उपटली. ठिणगी उडाली.

“अरे काय, वेड लागलं?” नछत्तर खाली उतरला. “पेरणीचे दिवस चालले माझे!”

“तेलात पाणी आहे,” मी म्हणालो. “मी पाहिलं. चालू केलं तर सगळं जाईल. जुनं तेल काढायला लागेल. जीजाजी, तुमच्या पाया पडतो, नवं तेल घेऊन या.”

त्यानं खाटेकडे पाहिलं. तायाजींची मान तेवढी माझ्याकडे कलली. नछत्तर शिव्या देत मोटरसायकलवर बसला. “आल्यावर चालू झालं नाही ना मेहुण्या, तर तुलाच नांगराला जुंपतो.”

त्याचा आवाज कालव्यापलीकडे जाईपर्यंत मी हललो नाही. मग बगलेच्या झाकणापुढं गुडघे टेकले आणि बोल्ट सोडायला लागलो. पाना पुन्हा पुन्हा निसटत होता. खाट माझ्या पाठीमागे होती. मला वाटत होतं, आता ते म्हणतील की नको उघडू. त्यांनी म्हटलं असतं तर मला धीर आला असता.

“उघड,” ते प्रेमानं म्हणाले. “बघ आत.”

झाकण निघालं. तेलाचा वास आला, आणि त्यामागून दुसरा, घरातला, पिठाचा. मी टॉर्च लावून आत धरली. क्रँक दिसली, नवीन बेअरिंगची चमक दिसली. त्यांच्या पलीकडे ब्लॉकची भिंत असायला हवी होती. तिथवर उजेड पोचला नाही. तो आत जात राहिला.

बराच आत, उजेडाच्या कडेला, एक बोट होतं. क्रँकच्या मागून पुढं आलेलं, काळ्या तेलानं माखलेलं. त्याला वरचं पेर नव्हतं.

“तायाजी,” मी म्हणालो. त्यांना ऐकू येणार नव्हतं. मी टॉर्च टाकली आणि हात आत घालायला पुढं केला. एवढंसं अंतर होतं. मनगट धरायचं आणि ओढायचं, त्या दिवशी ओढलं तसं, पण या वेळी सोडायचं नाही.

ठक, टुक.

माझा हात भोकाच्या कडेवर थांबला. लोखंडावर तळवा टेकला होता, त्यामुळे पुढचं मला अंगभर कळलं. ठक, टुक. हळू, समजावल्यासारखं. ते मला बोलवत नव्हते. ते आत होते, अंधारात होते, त्यांना कुणाचंतरी मनगट हवं होतं, आणि ते मला म्हणत होते, तिथंच राहा. दगड हो.

मी दगड झालो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. पाठीमागे खाटेची दोरी करकरली. चपला घातल्याचा आवाज आला नाही. पावलांचाही आला नाही.

मग माझ्या खांद्यावर कुणीतरी बोटानं तीन ठोके मारले. तिन्ही सारखे.